तापीकाठच्या काळ्या वावरात केळीची ट्रॉली फसली, ट्रॅक्टरही बसला, कसे काढावे?

रावेर_केळी यांचा प्रश्न

राम राम मंडळी. रावेर तालुक्यातले तापीकडचे वावर, खोल काळी जमीन. ट्रॅक्टर ४५ एचपी, टू-व्हील ड्राइव्ह. मागे दोन चाकी ट्रॉली, त्यात दीडशेच्या आसपास घड, म्हणजे अंदाजे ३ टन माल. वरची माती सुकलेली दिसत होती, खाली गारा (चिकट चिखल) निघाला. बांधापासून ५० फूट आत ट्रॉलीचे डावे चाक हबपर्यंत गेले आहे, उजवे त्याच्या निम्मे. ट्रॅक्टरची मागची चाके फूटभर खाली आहेत, पोट अजून टेकलेले नाही. ट्रॅक्टरच्या पुढे केळीच्या रांगा आहेत, त्यामुळे निघायचे ते मागेच.

हाताशी शेजाऱ्यांचा ५० एचपी ट्रॅक्टर, ६० फूट वायर रोप (१६ मिमी), १० टनी बाटली जॅक, पहारी, फावडी आणि बांधावर पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) ढीग आहे. विचारायचे तीनच: भरलेली ओढावी की रिकामी करून? मागच्या चाकांना ओंडका बांधला की ट्रॅक्टर निघतो असे इथे दोघे सांगताहेत, तसे करावे का? आणि जेसीबी बोलवावा का?

यावल_ट्रॅक्टर

दादा, सगळ्यात आधी चाक फिरवणे बंद करा. काळ्या मातीत टायरच्या खाचा गाऱ्याने भरल्या की टायर गुळगुळीत होतो, मग प्रत्येक फेऱ्याला तो फक्त खाली जातो. गारा घोटला गेला की त्याची उरलीसुरली ताकदही जाते.

ओंडका अजिबात बांधू नका. ओंडक्यामुळे चाक अडकले आणि इंजिन जोर देत राहिले, तर चाकाऐवजी ट्रॅक्टरचे धूडच मागच्या एक्सलभोवती फिरते. पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटतो. हे सगळे एक-दीड सेकंदात होते, क्लच दाबायला वेळ मिळत नाही. चाकापुढे आडवा दगड किंवा स्लीपर ठोकला तरी धोका तोच.

जुना_फोरमन

आधी हिशोब करू, म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल. चाक हबपर्यंत फसले की गाडी हलवायला साधारण तिच्या वजनाइतकाच ओढ लागतो, असा गाड्या काढणाऱ्यांचा ठोकताळा आहे. ट्रॉली स्वतः टन-सव्वा टनाची, वर ३ टन केळी, म्हणजे ४ टनांहून जास्त ओढ. २ टन वजनाचा ट्रॅक्टर कोरड्या मुरमावर फार तर १ टन ओढेल आणि ओल्या काळ्या मातीत सहा-सातशे किलोवरच चाक फिरू लागेल. इंजिन ४५ एचपीचे असो की ६० चे, पकडच नसेल तर ती ताकद जमिनीला पोचत नाही. म्हणून भरलेली ओढण्याच्या भानगडीत पडू नका. वायर तुटेल, दांडी वाकेल किंवा क्लच प्लेट जळेल.

माल पूर्ण उतरवा. दीडशे घड ५० फूट वाहायला चार माणसांना फार वेळ लागत नाही. बांधावर केळीची पाने अंथरा आणि घड एकाच थरात ठेवा, एकावर एक रचले तर फण्या काळ्या पडतील. उतरवताना क्रम पाळा. ट्रॉली डावीकडे कललेली आहे, म्हणून आधी वरचा थर काढा, मग डावी बाजू. दोन चाकी ट्रॉलीत फक्त मागचा माल काढला तर सगळा भार दांडीवर येतो आणि ट्रॅक्टर आणखी बसतो. फक्त पुढचा काढला तर पिन काढताना दांडी उसळून वर येते. तेव्हा दोन्ही टोकांकडून सारखे काढत चला. ट्रॉली टिपिंगची असली तरी फसलेल्या अवस्थेत हायड्रॉलिकने उचलू नका, कलती ट्रॉली तशीच आडवी होईल.

ट्रॉली रिकामी झाली की ट्रॅक्टर तिच्यापासून सोडवा. दांडीखाली स्क्रू स्टँड असेल तर तो, नसेल तर जॅक लावा, पण फळीवर. ओल्या काळ्या मातीवर चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोपेक्षा जास्त भार धरू नका. एका चाकाखाली २ टन उचलायचे म्हटले तर ४,००० चौरस सेंटीमीटर जागा लागते, म्हणजे दोन फूट बाय दोन फुटांहून जरा मोठी जाड फळी. जॅकचा बूड वितभरसुद्धा नसतो, फळीशिवाय लावला तर जॅकच मातीत जातो. ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या (चाक अडवायचे ठोकळे) लावा. पिन ताणाखाली असेल तर हातोडी मारत बसू नका, ट्रॅक्टर बोटभर मागे घेतला की ती मोकळी होते. दांडीखाली किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मध्ये माणूस असताना ट्रॅक्टर सुरू करायचा नाही.

आता खणणे. सगळे यश इथे आहे आणि लोक कंटाळा करतात तोही इथेच. चाकामागे, म्हणजे निघायच्या दिशेला, उतार काढा. चाक फूटभर खाली असेल तर उतार किमान ४ फूट लांब हवा, दीड फूट असेल तर ६ फूट. रुंदी टायरपेक्षा दोन्हीकडून चार-चार बोटे जास्त. काढलेला गारा लांब फेका, कडेला ठेवला तर परत चाकाखाली येतो. टायरच्या दोन्ही अंगांना पहार खुपसून हलवा, म्हणजे मातीची चिकट पकड सुटते आणि हवा आत जाते. तिथे पाणी ओतू नका. रेतीत पाणी कधी उपयोगी पडते, काळ्या मातीत ते गारा वाढवते. ट्रॅक्टरच्या टायरच्या खाचा खुरप्याने पूर्ण साफ करा. हे काम १० मिनिटांचे, पण पकडीत मोठा फरक पडतो.

ट्रॅक्टर पुढे २-३ फूट काढून आधी स्वतःच्या खड्ड्यातून वर घ्यायचा. चाकापुढेही छोटा उतार करा आणि त्यावर पऱ्हाटी चाकाला आडवी अंथरा, दाबल्यावर वितभर जाडी राहील इतकी. जाड बुडखे बाहेरच्या बाजूला ठेवा, टोकदार खुंट टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात. मोळ्या बांधायच्या तर सुतळीने बांधा, तार एक्सलला गुंडाळते. केळीचे खांब मात्र चाकाखाली घालू नका. ते जवळच असतात म्हणून सगळ्यांचा हात तिकडेच जातो, पण खांबात बहुतेक पाणीच, दाबला की त्याचा लगदा होतो आणि चाक साबणावर असल्यासारखे घसरते. पानांचेही तेच.

ट्रॅक्टर लो-१ मध्ये, १,२०० ते १,५०० आरपीएम. डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारा) चाके थांबलेली असताना दाबा, फिरत्या चाकावर दाबला तर दाते तुटतात. लॉक असताना स्टिअरिंग सरळ, वळवायचे नाही. क्लच हळू सोडा आणि एकदा सुटला की पाय पूर्ण काढा, अर्ध्या क्लचवर धरून ठेवला तर प्लेट जाते. लॉक चालत नसेल तर दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी काढा आणि जे चाक फुकट फिरते त्याच बाजूचा ब्रेक हलका दाबा, जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. पुढची चाके उचलताहेत असे वाटले की लगेच क्लच. मडगार्डवर किंवा पुढच्या बंपरवर वजनासाठी माणसे बसवू नका.

ट्रॅक्टर पऱ्हाटीवर उभा राहिला की त्याच्या मागच्या, रिकाम्या झालेल्या खड्ड्यातही पऱ्हाटी भरून घ्या, मग तो मागे घेऊन पिन परत लावा. ट्रॉलीच्या चाकांखालचे काम तोवर झालेले असले पाहिजे: डावे चाक फळीवरच्या जॅकने उचला, खाली मुरूम दाबून भरा, वर पऱ्हाटी. चाक उजव्याच्या पातळीला आले की जॅक काढा. एक्सलखाली डोके घालून मुरूम भरू नका, फावड्याने लांबून भरा.

मग शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर बांधाबाहेर मुरमाच्या रस्त्यावर, तोंड बाहेरच्या दिशेला. ट्रॉलीच्या मागे दोन्ही चॅसीला साखळीचा व्ही करा आणि त्याच्या मध्यात वायर रोप डी-शॅकलने जोडा. फाळक्याला (ट्रॉलीच्या उघडणाऱ्या फळीला) किंवा फाळक्याच्या कडीला बांधू नका. ओढणाऱ्या ट्रॅक्टरला रोप फक्त खालच्या ड्रॉबारला. टॉप लिंकच्या जागी किंवा एक्सलच्या वर बांधला तर ओंडक्याबद्दल वर सांगितले तेच होते, ट्रॅक्टर उलटतो. रोप आधी हळूच ताणून घ्या, मग एकाच माणसाच्या खुणेवर दोन्ही ट्रॅक्टर एकदम: बाहेरचा ओढतो, आतला रिव्हर्स लोमध्ये लॉक लावून ढकलतो. मागून ताण असला की दोन चाकी ट्रॉली वाकडी होत नाही. झटका द्यायचा नाही. हलली की थांबू नका, बांध ओलांडेपर्यंत एकाच वेगाने न्या.

चोपडा_अर्थमूव्हिंग

वरचे बरोबर आहे. रोपबद्दल जोडतो. चांगल्या स्थितीतला १६ मिमी वायर रोप १२ टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त ताणाला तुटतो, पण कामाचा भार त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाच धरा, म्हणजे २ टन आणि थोडे वर. तारा तुटून काटे निघाले असतील किंवा कुठे मुरगळला असेल तर तोही धरू नका. टोकाला फास क्लॅम्पने केला असेल तर किमान ३ क्लॅम्प हवेत आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकाच्या तारेवर, ताणाच्या तारेवर नाही. उलटे लावले की ताणाची तार दबते आणि तिथेच तुटते. रोपच्या मध्यावर ओले पोते टाका, तुटला तर झेप कमी होते. रोपच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये आणि रोप ओलांडू नये. विहिरीचे नायलॉनचे दोर ओढायला आणू नका, ते रबरासारखे ताणतात आणि तुटले की परत येतात.

जेसीबीचे म्हणाल तर तो बांधाबाहेरच उभा करा. त्याचे वजन साडेसात टनांच्या आसपास, वावरात आणला तर दोन यंत्रे काढावी लागतील. रस्त्यावरून त्याचे वजन आणि पकड दोन्ही तुमच्या ट्रॅक्टरपेक्षा भारी, म्हणून ट्रॉली रिकामी असेल तर सहज ओढतो. साखळी बकेटच्या दातांना अडकवू देऊ नका, निसटते. चॅसीच्या हुकला बांधायची. बूम वर करून ट्रॉली उचलून काढण्याचा मोह होईल, तर आधी वर विजेच्या तारा पाहा. वावरातून ११ केव्हीच्या लाइन जातात आणि उन्हात त्या खाली लोंबतात.

रावेर_केळी

मनापासून आभार. ओंडका रद्द केला, माल उतरवायला घेतला आहे. दोन गोष्टी विचारतो. आत यायची वाट आणि बाहेरचा शिवाररस्ता एका रेषेत आहे, तर ओढ सरळ मिळेल ना? आणि डावे चाक जिथे गेले तिथूनच ठिबकची सबमेन (नळ्यांना पाणी देणारा पाइप) जाते, दीड-दोन फूट खोल. खणायला भीती वाटते.

जुना_फोरमन

रेषेत असेल तर उत्तम. मागच्या चाकोरीवरूनच बाहेर काढा, ती माती दाबलेली आहे, नवी वाट धरू नका.

सबमेनचे सांगितलेत हे फार बरे केले, चाक तिथेच का गेले हे त्यातून कळते. पाइपाच्या चरातली माती परत भरलेली असते, ती कधीच आजूबाजूइतकी घट्ट बसत नाही, पाणी तिथे साचते. जवळचा व्हॉल्व्ह किंवा जोड गळत असेल तर वर कोरडे आणि आत गारा असे होते. आधी पंप बंद करून व्हॉल्व्हपेटी उघडून पाहा, पाणी असेल तर बादलीने उपसा. चाकामागे उतार काढताना सबमेनच्या रेषेवर पहार वापरू नका, फावड्याने पाऊण फुटापर्यंतच जा. राहिलेली उंची जॅकने उचलून आणि मुरमाने भरून मिळवा. ठिबकच्या १६ मिमीच्या नळ्या आधीच गुंडाळून रांगेच्या टोकाला ठेवा, पऱ्हाटीत एक अडकली तर रांग उखडते.

भुसावळ_वावर

जॅकखालच्या फळीखाली आणखी दोन फळ्या आडव्या घाला. एकच फळी असली तर मधोमध वाकते आणि कडा वर येतात. हतनूरच्या फुगवट्याकडच्या जमिनीत, पाणी ओसरल्यावर, हे फार जाणवते.

धुळे_पिकअप

याच धाग्यात विचारतो, विषय जवळचा आहे. पिकअपच्या मागे लहान कॅम्पिंग ट्रेलर लावून तोरणमाळला जायचे आहे. यशवंत तलावाच्या काठी मऊ जमिनीत दोन्ही फसले तर हेच करायचे का? ट्रॅक्टर जवळ नसेल.

यावल_ट्रॅक्टर

तत्त्व तेच भाऊ: आधी ट्रेलर सोडा, मग पिकअप एकटी काढा, मग घट्ट जमिनीवरून लांब पट्ट्याने ट्रेलर ओढा. ट्रेलरची दांडी आपल्या छोट्या चाकावर ठेवली तर ते चाक मातीत जाते, त्याच्याखाली फळी सरकवत पुढे न्यावे लागते.

पिकअपला एक सोय आहे जी भरल्या ट्रॉलीला नाही, ती म्हणजे हवा कमी करणे. रिकाम्या पिकअपचे टायर १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर लांबट होऊन जमिनीवर जास्त जागा धरतो. सामान भरलेले असेल तर २५ च्या खाली जाऊ नका, टायर रिममधून सुटेल. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय डांबरी रस्त्यावर वेगाने जाऊ नका, म्हणून १२ व्होल्टचा पंप सोबत हवाच. भरलेल्या ट्रॉलीच्या टायरची हवा मात्र कधी काढू नका, कडेची भिंत फाटते.

आणि टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोल मुठीला) पट्टा अडकवून गाडी ओढायची नाही. तो ट्रेलर चालवायला असतो, फसलेली गाडी ओढायला नाही. तुटला तर गोळ्यासारखा उडतो. चॅसीचा टो हुक वापरा.

जुना_फोरमन

रावेर_केळी, बाहेर निघाल्यावरचे. ट्रॉलीच्या हबमध्ये गारा गेलेला असतो. हब उघडून बेअरिंग डिझेलने धुवा, नवे ग्रीस आणि सील घाला, नाहीतर पुढच्या फेरीत बेअरिंग बसेल. पाट्यांचे (स्प्रिंगचे) यू-बोल्ट आवळून घ्या, कलल्यावर ते सैल होतात. ट्रॅक्टरचे ब्रेक एकदा रिकाम्या रस्त्यावर तपासा. सबमेन चालू करून दाब पाहा, मग टोकाची झाकणे उघडून नळ्या धुवून काढा.

चाकोऱ्या लगेच बुजवू नका, वाफसा (मशागतीजोगी ओल) येऊ द्या. ओल्या असताना रोटर मारला तर ढेकळे विटेसारखी वाळतात. खाली दाबलेला थर एप्रिल-मेमध्ये जमीन पूर्ण कोरडी असताना सबसॉयलरने (खोल जाणाऱ्या फाळाने) फोडा, ओल्यात सबसॉयलर नुसती चीर पाडतो.

पुढच्या कापणीला त्या भागाचे ठिबक चार-पाच दिवस आधी बंद ठेवा आणि ट्रॉली आत न्यायच्या आधी मातीचा अंदाज घ्या. वितभर खोलीवरची चिमूटभर माती तळहातावर वळा. न तुटता ३ मिमी जाडीची वळी झाली तर जमीन ओली आहे, ट्रॉली बांधावरच ठेवून घड डोक्यावर आणा. त्याआधीच तिचे तुकडे पडायला लागले तर न्या.

रावेर_केळी

माल उतरला, व्हॉल्व्हपेटीत खरेच पाणी निघाले, वॉशर गेले होते. पऱ्हाटी अंथरून आता ट्रॅक्टर सोडवतो. रोपचे क्लॅम्प पाहिले, दोन उलटे होते, ते फिरवले आणि तिसरा आणायला माणूस पाठवला आहे.